हळदीच्या कॅप्सूल, ब्लूबेरी आणि तुमचं स्वतःचं ताट

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी तिला अल्झायमर असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. ती माझ्याकडेच असते. आता कधीकधी मलाच विचारते, "तुम्ही कुणाकडच्या?" मी ५३ वर्षांची. हल्ली मलाही शब्द पटकन आठवत नाहीत, गॅसवर दूध ठेवून विसरते आणि मनात धस्स होतं. अमेरिकेतला भाऊ हळदीच्या अर्काच्या आणि जिंको नावाच्या झाडाच्या पानांच्या अर्काच्या कॅप्सूल पाठवतो. आईलाही दे आणि तूही घे, म्हणतो. फळाभाज्यांतल्या फ्लॅव्होनॉइडमुळे स्मृतिभ्रंश टळतो, असं त्याच्या वाचनात आलंय. भारतात हळद खातात म्हणून हा आजार कमी, असंही तो सांगतो. आईला हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. मला बीपीची गोळी आहे, पण धावपळीत आठवड्यातून दोन-तीनदा राहते. इथे साताऱ्यात ब्लूबेरीच्या इवल्याशा डबीला दोन-तीनशे रुपये पडतात, तरी आणावी का? नेमकं काय खाल्लं म्हणजे मला हे होणार नाही?
– एक वाचक, सातारा

उत्तर :

ताई, आधी आईच्या कॅप्सूलचं बोलू, कारण ते थांबण्यासारखं नाही. जिंको आणि हळदीचा अर्क या दोन्हींनी रक्त गोठण्याच्या क्रियेत ढवळाढवळ होऊ शकते. आईला आधीच रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. त्यात ही भर पडली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि ७८व्या वर्षी पडून डोक्याला मार लागला तर तो धोका फार मोठा होतो. दोन्ही कॅप्सूल आजपासून बाजूला ठेवा, पण बाटल्या टाकून देऊ नका. हृदयाच्या डॉक्टरांकडे त्या घेऊन जा आणि किती दिवस दिल्या ते स्पष्ट सांगा. रक्त पातळ ठेवणारी मूळ गोळी मात्र स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका. अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त, काळी शी किंवा अचानक वाढलेली झोप यांतलं काही दिसलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.

आता तुमच्या भावाच्या वाचनाबद्दल. त्याची काळजी खरी आहे आणि त्याने वाचलेलं सगळंच चुकीचं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फ्लॅव्होनॉइड म्हणजे झाडं स्वतःसाठी तयार करतात त्या द्रव्यांचं एक मोठं कुटुंब. जांभळाचा रंग, चहाचा तुरटपणा, कांद्याच्या सालीतला पिवळेपणा यांच्यामागे तीच असतात. ती खाणाऱ्या माणसांत स्मृतिभ्रंश कमी दिसतो, असं बऱ्याच मोठ्या पाहण्यांमधून पुढे आलंय. ब्रिटनमधल्या सुमारे १ लाख २२ हजार प्रौढांच्या माहितीवरचा एक अभ्यास २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. चहा, बेरी वर्गातली फळं अशा फ्लॅव्होनॉइडयुक्त पदार्थांचे दिवसाला सहा वाटे (एक वाटा म्हणजे एका वेळी घेतो तेवढं) जास्त घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका २८ टक्के कमी आढळला. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या संशोधकांनी ९६० वृद्धांना काही वर्षं पाहिलं होतं. त्यांत रोज साधारण एक वाटा पालेभाजी खाणाऱ्यांची बुद्धी, जवळजवळ न खाणाऱ्यांच्या तुलनेत, ११ वर्षांनी तरुण असल्यासारखी चालत होती. ही कामं गंभीर माणसांनी केलेली आहेत.

पण या सगळ्या पाहण्या आहेत. रोज पालेभाजी आणि फळं खाणारा माणूस बहुधा शिकलेला असतो, थोडा सुस्थितीतला असतो, सिगारेट ओढत नाही, फिरायला जातो, डॉक्टरांकडे वेळेवर जातो. हे वेगळं काढायचा प्रयत्न आकडेमोडीत होतो, तरी ते पूर्ण निघत नाही. खरा कस लागतो तो प्रयोगात. चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना एक आणि अर्ध्यांना दुसरं द्यायचं आणि काही वर्षं वाट बघायची.

तसे प्रयोग झालेत, आणि तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यांतच आहे.

जिंकोचं आधी घ्या. अमेरिकेत ३,०६९ वृद्धांना सरासरी सहा वर्षं दिवसातून दोनदा जिंको किंवा त्यासारखीच दिसणारी रिकामी गोळी दिली. २००८मध्ये निष्कर्ष आला. स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जिंको घेणाऱ्यांत कमी झालं नाही. इतक्या मोठ्या आणि इतक्या लांब प्रयोगानंतर या गोळीवर पैसे घालायचं काही कारण मला दिसत नाही.

हळदीची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याची. हळदीतलं ज्याचं एवढं नाव आहे ते करक्यूमिन वजनाच्या साधारण तीन टक्केच असतं आणि पोटातून रक्तात फारच थोडं उतरतं. अल्झायमर झालेल्या ३६ रुग्णांना अमेरिकेत रोज दोन किंवा चार ग्रॅम करक्यूमिन सहा महिने देऊन पाहिलं. फायदा दिसला नाही आणि रक्तात त्याचा अंशही जेमतेम सापडला. चार ग्रॅम करक्यूमिनसाठी साधी हळद खायची म्हटली तर रोज शंभर ग्रॅमहून जास्त लागेल, यावरून काय ते समजा. पुढे रक्तात जास्त उतरेल अशा खास बनावटीचं करक्यूमिन, स्मृतिभ्रंश नसलेल्या ४० जणांत दीड वर्ष तपासलं गेलं आणि स्मरणशक्तीच्या चाचणीत थोडी सुधारणा दिसली. आशा वाटावी असं ते आहे, पण चाळीस माणसांवरून लाखोंना गोळी सुचवता येत नाही.

रक्तात जास्त उतरावं म्हणून या कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा मिऱ्यांचा अर्कही घालतात. नेमक्या अशाच उत्पादनांनंतर यकृताला सूज येऊन कावीळ झाल्याची प्रकरणं इटली आणि अमेरिकेत नोंदली गेली आहेत. तुम्ही स्वतः ही कॅप्सूल घेत असाल आणि लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, भूक मरणं असं काही जाणवलं तर लगेच डॉक्टरांना सांगा. फोडणीतली चिमूटभर हळद आणि हा अर्क यांच्या मात्रेत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. 'आपण तर पिढ्यान्‌पिढ्या हळद खातो' ही खात्री त्या बाटलीला लावू नका. स्वयंपाकातली हळद मात्र आहे तशी निर्धास्त चालू ठेवा.

आणि भारतात हळदीमुळे हा आजार कमी, हे विधान. दिल्लीजवळच्या बल्लभगडच्या खेड्यांमध्ये १९९०च्या दशकात मोठी पाहणी झाली होती. तिथे अल्झायमर अमेरिकेपेक्षा बराच कमी आढळला आणि जगभर ही हळदीची गोष्ट पसरली. पण त्या पाहणीने हळद तपासलीच नव्हती. तिथली माणसं कमी जगत होती. अल्झायमरचा धोका वाढवणारं एक जनुक त्यांच्यात कमी आढळत होतं. शिवाय म्हाताऱ्या माणसाचं विसरणं घरच्यांना आजार वाटतच नव्हतं. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या भारतीयांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त आहेत आणि शहरांपेक्षा खेडी जास्त. या बायकांच्या घरी हळद कमी पडत होती, असं कोण म्हणेल?

तिसरा प्रयोग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो तुमच्यासारख्यांना लागू पडतो. कोकोच्या बियांमधून काढलेली फ्लॅव्हनॉल, म्हणजे फ्लॅव्होनॉइडच्या कुटुंबातलीच द्रव्यं, रोज ५०० मिलिग्रॅम अमेरिकेत साडेतीन हजारांवर लोकांना तीन वर्षांपर्यंत देऊन पाहिली. सरसकट बघितलं तर स्मरणशक्तीत फरक पडला नाही. पण ज्यांचा रोजचा आहार मुळात निकस होता, ज्यांच्या ताटात ही द्रव्यं फारशी येतच नव्हती, त्यांची स्मरणशक्ती थोडी सुधारली. ज्यांचं खाणं आधीच बरं होतं, त्यांना वरून घेऊन काही मिळालं नाही. म्हणजे प्रश्न उणीव भरून काढण्याचा आहे. मग विचारायचं ते असं, की तुमच्या ताटात उणीव आहे का?

तुमचं पत्र वाचताना मला वाटलं, असावी. तुम्ही लिहिलं नाहीत, पण आजारी माणसाचं करणाऱ्या बायकांची जेवणं मी रोज ऐकते. आईला भरवून, घरच्यांचं झाल्यावर, पातेल्यात उरलेली दोन चमचे भाजी, पोळी, भात आणि लोणच्याची फोड. फळ कापलं तर ते मुलांसाठी किंवा आईसाठी. पालेभाजी निवडते ती बाई, शिजवते ती बाई, आणि तिच्या वाट्याला येते सगळ्यांत कमी. मला खरोखर चीड येते याची. त्यामुळे माझा पहिला सल्ला हा, की भाजी झाली की सगळ्यांच्या आधी स्वतःची वाटी भरून झाकून ठेवा. जेवायला दोन वाजले तरी ती तुमची.

काय खायचं हा प्रश्न त्यापुढे सोपा आहे. ब्लूबेरीतला जो जांभळा रंग एवढा गाजतो, ती अँथोसायनिन नावाची द्रव्यं. ती आपल्या जांभळात आहेत, करवंदात आहेत, कोकमात, डाळिंबात, काळ्या द्राक्षांत, वांग्याच्या सालीत आणि अंबाडीच्या लाल बोंडांत आहेत. तुम्ही तर महाबळेश्वरच्या पायथ्याशी राहता. हिवाळाभर स्ट्रॉबेरी, उन्हाळ्याच्या शेवटी करवंदं, पावसाच्या तोंडावर जांभळं. ब्लूबेरीची डबी आणायची काहीच गरज नाही. जांभळावर ब्लूबेरीइतके प्रयोग झालेले नाहीत, हे खरं. पण ब्लूबेरीनेसुद्धा स्मृतिभ्रंश टळतो असं कुठल्या प्रयोगाने सिद्ध केलेलं नाही. मग हंगामाचं, ताजं आणि खिशाला परवडणारं फळ रोज खाणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. कोकम साखरेच्या सरबतातून न घेता आमटीतून, सारातून नाहीतर सोलकढीतून घ्या.

पालेभाजीत मेथी, शेपू, चाकवत, माठ, करडई, शेवग्याचा पाला, मंडईत त्या दिवशी जे ताजं असेल ते. शेवग्याच्या पाल्यात केम्फेरॉल आणि क्वेर्सेटिन ही त्याच फ्लॅव्होनॉइड कुटुंबातली दोन द्रव्यं असतात आणि तो बहुतेक वेळा शेजारच्या झाडावरून फुकट मिळतो. भाजी उकडून पाणी ओतून देऊ नका, त्या पाण्यातच बरंचसं निघून जातं. चाकवताची ताकातली पातळ भाजी किंवा डाळ-मेथी या आपल्या पद्धतीत काहीच वाया जात नाही. फोडणीचं तेलही कामाचं असतं, कारण हिरव्या पाल्यातलं ल्युटीन नावाचं रंगद्रव्य तेलाच्या सोबतीने अंगी लागतं. चमचाभर तेल पुरे. कांदा रोजचा आहेच. चहा दोन-तीन कप चालेल, साखर अर्धी करा आणि जेवणाला लागून घेऊ नका, त्याने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. ब्रिटनच्या त्या अभ्यासात लाल वाइनचंही नाव होतं. त्यासाठी कुणी दारू सुरू करू नये. दारूने मेंदूचं नुकसान होतं, याचे पुरावे कितीतरी भक्कम आहेत.

आईसाठी एक वेगळी सूचना. तिची रक्त पातळ ठेवणारी गोळी वॉरफरिन असेल, तर पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वाने तिचा परिणाम कमी होतो. म्हणून भाजी बंद करायची नसते, प्रमाण साधारण सारखं ठेवायचं असतं. आज दोन वाट्या आणि पुढे आठवडाभर काहीच नाही, असं नको. बाकी तिच्या ताटाचं औषध करू नका, ताई. ती आवडीने पिठलं-भात खात असेल तर आनंदाने वाढा. या टप्प्यावर वजन टिकणं, घास नीट गिळला जाणं आणि जेवताना तिच्याजवळ कुणी बसलेलं असणं, हे जांभळापेक्षा मोलाचं आहे.

इथवर मी ताटाबद्दल लिहिलं, पण एवढ्यावर थांबले तर तुमची फसवणूक होईल. तुमच्यासारख्याच, म्हणजे घरात कुणाला स्मृतिभ्रंश झालेल्या ६०४ ज्येष्ठांवर अमेरिकेत आहाराचा तीन वर्षांचा प्रयोग झाला. पालेभाजी, बेरी, कडधान्यं, सुकामेवा यांवर भर देणारा तो आहार, पाहण्यांमध्ये फार नावाजलेला. २०२३मध्ये निष्कर्ष आला. दोन्ही गटांना थोडं कमी खायला सांगितलं होतं, आणि नेहमीचाच आहार घेणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा या गटाची बुद्धी वेगळी ठरली नाही. तीन वर्षं हा काळ अपुरा असेल, आहाराचा गुण पन्नाशीपासूनच्या वीस वर्षांत येत असेल. तशी शक्यता आहे, आणि म्हणूनच मी भाजीची वाटी सोडायला सांगत नाही. पण 'हे खाल्लं म्हणजे होणार नाही' असं वचन कुठलाही प्रामाणिक माणूस देऊ शकणार नाही.

आणि आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहिलंत. बीपीची गोळी आठवड्यातून दोन-तीनदा राहते.

चीनमधल्या ३२६ खेड्यांत, रक्तदाब आटोक्यात नसलेल्या जवळजवळ ३४ हजार लोकांवर चार वर्षांचा प्रयोग झाला. काही खेड्यांत गावातल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनीच लोकांचा रक्तदाब नेमाने मोजला, गोळ्या वेळेवर दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं. बाकीच्या खेड्यांत नेहमीसारखं चालू राहिलं. २०२५मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की नेमाने उपचार झालेल्या खेड्यांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी झाला. नुसती पाहणी नाही, चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग. हळद, जिंको, कोको, ब्लूबेरी यांपैकी कुणाच्याही नावावर असा पुरावा नाही. तो तुमच्या कपाटातल्या बीपीच्या गोळ्यांच्या त्या पट्टीच्या नावावर आहे, आणि ती पट्टी महिनाभराची बहुधा ब्लूबेरीच्या एका डबीपेक्षाही स्वस्त असेल.

मेंदूला रक्त पोहोचवणाऱ्या अगदी बारीक नळ्या वाढलेल्या दाबाने हळूहळू खराब होतात आणि ते वर्षानुवर्षं जाणवत नाही. फ्लॅव्होनॉइडचा गुण येत असेल तर त्यातला बराचसा याच वाटेने येत असावा. ती रक्तवाहिन्यांना सैल व्हायला मदत करतात. म्हणजे भाजी आणि गोळी एकाच कामावर आहेत. फक्त गोळीचा हात कितीतरी मोठा आहे. सकाळी दात घासायच्या ब्रशशेजारी पट्टी ठेवा. मीठ मोजून टाका. लोणचं-पापड रोज एकदमच ताटात नको.

तुमच्या विसरण्याबद्दल. दूध गॅसवर विसरणं, शब्द जिभेवर येऊन अडकणं हे पाळीच्या वयात, झोप मोडत असताना आणि रात्री आईसाठी दोनदा उठावं लागत असताना फार बायकांना होतं. यात अल्झायमरची चाहूल बघायची घाई करू नका. आईला पंचाहत्तरीत झालेला आजार मुलीला होईलच असं नसतं. धोका थोडा वाढतो, एवढंच. थेट पिढीतून येणारा अल्झायमर बहुधा साठीच्या आतच सुरू होतो आणि तो फार विरळा आहे. पण एक रक्ततपासणी जरूर करा : बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर. शाकाहारी असाल, किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल, तर बी-१२ कमी असण्याची शक्यता चांगलीच असते. त्याने विसरायला होतं आणि ते औषधाने भरून येतं. बी-१२ कुठल्याच भाजीत किंवा फळात मिळत नाही, म्हणून शाकाहारी ताट कितीही रंगीत केलं तरी ही उणीव राहू शकते.

ऐकू कमी येत असेल तर तेही तपासा, तुमचं आणि आईचंही. २०२४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता किंवा लांबवता येण्यासारखी १४ कारणं सांगितली. त्यांत श्रवणदोष आणि वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल अगदी वरती आहेत. रक्तदाब, मधुमेह, बैठेपणा, नैराश्य, एकटेपणा, मोतीबिंदूसारखी न सुधारलेली दृष्टीही त्यांत आहे. या सगळ्यांचा मिळून वाटा ४५ टक्क्यांच्या आसपास जातो. पहा ना, यातल्या किती गोष्टी दिवसरात्र आजारी माणसाचं करणाऱ्या बाईला लागू पडतात! तुम्ही चालायला शेवटच्या कधी गेलात? मैत्रिणींत कधी बसलात? आईला तासभर सांभाळायला कुणी मिळावं, ही तुमच्या मेंदूसाठीची खरी गरज आहे. ती मागताना संकोच करू नका.

आणि इथेच भावाचा उपयोग करून घ्या. त्याला रागावू नका, दुरून काहीतरी करावंसं वाटतं म्हणूनच तो बाटल्या पाठवतो. कॅप्सूलचे पैसे त्याने दर महिन्याला आईजवळ संध्याकाळी बसणाऱ्या बाईच्या पगाराला द्यावेत. त्या तासाभरात तुम्ही फिरून या. आईच्या कानांची तपासणी आणि लागलं तर यंत्र, तेही त्याच्याकडून घ्या. काय पाठवू असं पुन्हा विचारलंच, तर घरी बीपी मोजायचं यंत्र सांगा, दंडाला बांधायचं. मनगटाचं नको, त्याचे आकडे तितके भरवशाचे नसतात. आठवडाभर सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत लिहा आणि ती वही घेऊनच तुमच्या डॉक्टरांकडे जा.